कंपनीचे इंजेक्टर किती हॉर्सपॉवरपर्यंत पुरतात? (८३ हॉर्सपॉवरची गाडी, समृद्धी आणि चिखलदऱ्याचा घाट)

वर्धाकाठ · ६ मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातला. गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही. कंपनीच्या कागदावर ८३ हॉर्सपॉवर. एक लाख बारा हजार किलोमीटर झाले आहेत.

गेल्या आठ-दहा महिन्यांपासून गाडीचा पिकअप कमी झालाय. विरूळच्या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढतो तेव्हा चार माणसं आणि एसी असला की शंभरच्या पुढे गाडी दम टाकते. मागच्या महिन्यात आईला घेऊन चिखलदऱ्याला गेलो. परतवाडा सोडून घाट लागला तसा दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनातून खडखड आवाज यायला लागला. एक्स्लेटर सोडला की आवाज बंद. आई घाबरली. मी गाडी बाजूला लावून अर्धा तास थांबलो.

शहरातल्या एका दुकानात दाखवली. तिथल्या माणसाने बॉनेट न उघडताच सांगितलं, "कंपनीचे इंजेक्टर लहान असतात, ते ८३च्या वर जाऊच देत नाहीत. मोठे टाका, सोबत चिप लावा, गाडी ११० हॉर्सपॉवर होईल." इंजेक्टर आणि चिप मिळून खर्च सांगितला २६ हजार. सोयाबीनचे पैसे अजून हातात आहेत, म्हणून मोह होतोय. पण इंजिनात पेट्रोल फवारणारे हे इंजेक्टर कंपनी नेमके ८३ पुरतेच का बसवेल, हे काही डोक्यात बसत नाही. हे इंजेक्टर किती ताकदीपर्यंत पुरतात, ते काढायचा काही हिशेब असतो का?

पऱ्हाटीवाला · ६ मे, रात्री ९:३२

भाऊ, २६ हजार लय होते. थांबजो जरासा. इथं जाणकार लोक हायेत, त्यायले येऊ दे. मलेबी इचाराचं हाय, माह्याकडं बोलेरो हाय.

जुना_पाना · ६ मे, रात्री १०:०५

माझं परतवाड्याकडे गॅरेज आहे, तीस वर्षं होत आली. तुम्ही सांगितलेला घाटातला आवाज मी दर उन्हाळ्यात ऐकतो. भर लोडवर खडखड आणि पाय काढला की बंद, याचा अर्थ इंजिन नॉक करतंय, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल स्वतःहून धडाक्यात पेटतंय. पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर इंजिन फार तापतंय, नाहीतर कार्बन साचलाय. यात मोठ्या इंजेक्टरचा विषय कुठून आला?

चारही प्लग काढा आणि कोणता कोणत्या सिलिंडरचा ते खडूने लिहून ओळीने ठेवा. फोटो टाका.

वर्धाकाठ · ७ मे, सकाळी ८:२०

काका, प्लग काढले. १, २ आणि ४ तपकिरी आहेत, थोडे काळपट. ३ नंबरचा जवळजवळ पांढरा, चुना लावल्यासारखा. फोटो काही अपलोड होत नाहीये, इथे रेंज कमी आहे.

जुना_पाना · ७ मे, सकाळी ८:४१

तीन नंबरला पेट्रोल कमी जातंय. गाडी जोरात पळवू नका. समृद्धीवर तर नकोच.

आकडेमोड · ७ मे, दुपारी १:१५

मी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइल शिकवते. वर्धाकाठ यांनी हिशेब मागितला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दुकानात कोणी काही सांगितलं तर प्रत्येकाला कागद-पेन घेऊन ते पडताळता यावं, असं मला मनापासून वाटतं.

इंजिन किती ताकद देणार, हे ते किती हवा ओढतं यावर ठरतं. त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल देणं हे इंजेक्टरचं काम. म्हणून प्रश्न असा विचारायचा: अमुक हॉर्सपॉवरला मिनिटाला किती पेट्रोल लागतं?

बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन पूर्ण लोडवर एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २२५ ते २३० ग्रॅम पेट्रोल जाळतं. लिटरला ७४० ग्रॅम धरलं तर मिनिटाला साधारण ५ सीसी झाले. हा आकडा पाठ करून ठेवा: एक हॉर्सपॉवर, मिनिटाला ५ सीसी. टर्बोच्या इंजिनात मिश्रण मुद्दाम जास्त गडद ठेवतात. जास्तीचं पेट्रोल सिलिंडर थंड ठेवतं आणि नॉकिंग टाळतं. तिथे ६ सीसी धरा.

आता तुमची गाडी. ८३ गुणिले ५.१ म्हणजे मिनिटाला ४२३ सीसी. चार इंजेक्टरवर वाटले तर प्रत्येकी १०६.

पण इंजेक्टर सतत उघडा नसतो. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एक चक्र पूर्ण करतं. ६००० आरपीएमला त्या चक्राला मिळतात फक्त २० मिलिसेकंद. इंजेक्टरला उघडून, पेट्रोल मारून, बंद होऊन पुढच्या वेळेसाठी तयार व्हायचं ते याच वेळात. यातला किती टक्के वेळ तो उघडा आहे त्याला ड्युटी सायकल म्हणतात. ८० ते ८५ टक्क्यांच्या वर नेऊ नये. त्यापुढे इंजेक्टरमधल्या सुईला नीट बसायला वेळ उरत नाही, तिला उचलणारी कॉइल तापते, आणि गाडीच्या कॉम्प्युटरने जितका वेळ सांगितला त्या प्रमाणात पेट्रोल येईलच याचा भरवसा राहत नाही.

म्हणजे ८५ टक्क्यांत १०६ सीसी द्यायचे असतील तर इंजेक्टर पूर्ण उघडा ठेवून मिनिटाला किमान १२५ सीसी देणारा हवा. ८३ हॉर्सपॉवरची ही खालची मर्यादा. कंपनी कधीच बरोबर १२५चा बसवत नाही. थंडीत सकाळी गाडी चालू करताना जास्त पेट्रोल लागतं, बॅटरी उतरली की इंजेक्टर उशिरा उघडतो, वर्षानुवर्षांत तो थोडा तुंबतो. या सगळ्यासाठी जागा ठेवावीच लागते.

तुमचा इंजेक्टर नेमका किती देतो, ते टेस्ट बेंचवर मोजल्याशिवाय कळणार नाही. नागपूर, अमरावती, अकोला इथे इंजेक्टर साफ करून फ्लो मोजणारी मशीन असलेली गॅरेज आहेत. चारही काढून न्या, आणि साफ करण्याआधीचे आकडे नक्की लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी फक्त नंतरचे दाखवतात.

पऱ्हाटीवाला · ७ मे, दुपारी १:४०

ताई, लय सोपं करून सांगतलं. पण मंग कंपनी डबल मोठे इंजेक्टर कायले नाई टाकत? झंझटच नाई राहणार.

आकडेमोड · ७ मे, दुपारी २:०२

दादा, महत्त्वाचा प्रश्न विचारलात. गाडी सर्वात जास्त वेळ कुठे असते? आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) आणि हलक्या लोडवर. आयडलला इंजेक्टर एका वेळी दोन-तीन मिलिसेकंदच उघडतो, आणि त्यातला जवळपास एक मिलिसेकंद नुसती सुई उचलण्यात जातो. इंजेक्टर दुप्पट मोठा केला तर पेट्रोल मारण्याचा वेळ निम्म्यावर आणावा लागतो. इतक्या लहान वेळात दर ठोक्याला सारखं पेट्रोल देणं त्याला जमत नाही. आयडल हलतं, ॲव्हरेज पडतं, धुरात पेट्रोलचा वास येतो. आणि कॉम्प्युटरला नवा मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता, दिला नाही तर तो जुनाच वेळ देत राहतो, गाडी पेट्रोल पिते. गरजेपेक्षा थोडा मोठा, फार मोठा नाही, असा इंजेक्टर म्हणूनच निवडतात.

वणी_वरोरा · ७ मे, रात्री ८:५५

मी माझा अनुभव लिहितो. पैसा आणि इंजिन दोन्ही गमावून शिकलेली गोष्ट आहे, कोणाच्या तरी कामी यावी.

२०१९ साली माझ्या जुन्या १.३ लिटर पेट्रोल गाडीला एकाकडून छोटा टर्बो बसवून घेतला. अर्धा बार बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब. तो म्हणाला इंजेक्टर कंपनीचेच ठेवू, त्यात भरपूर जागा असते. ८० हॉर्सपॉवरची गाडी ११०ची करायची होती. दोन महिने गाडी अशी पळाली की विचारू नका. मग एका संध्याकाळी वणी-वरोरा रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना पांढरा धूर निघाला. इंजिन उघडलं तर दुसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक.

त्यानंतर मी हा हिशेब शिकलो. माझे इंजेक्टर ३ बार दाबाला मिनिटाला १६५ सीसी देत होते. बिनटर्बोच्या ५.१ने पाहिलं तर ८५ टक्क्यांत ११० हॉर्सपॉवर बसत होते, आणि त्यावरच मी निर्धास्त होतो. दोन चुका होत्या. एक, टर्बोला ५ नाही, ६च्या वर सीसी लागतात. दुसरी चूक मला कोणीच सांगितली नव्हती. माझ्या गाडीला इंजिनकडून टाकीत परत येणारी पेट्रोलची नळी नव्हती, प्रेशर रेग्युलेटर टाकीतच होता. अशा गाडीत रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब ३ बारच राहतो, पण समोरून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) अर्धा बार बूस्ट उलटा दाबत असतो. इंजेक्टरला खरा दाब मिळतो अडीच बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे १६५चे झाले १५१. आता मांडा: १५१ गुणिले ४ गुणिले ०.८५ भागिले ६.१. उत्तर येतं ८४ हॉर्सपॉवर. मी त्याच इंजेक्टरांकडून ११० मागत होतो. जवळजवळ पाव पेट्रोल कमी.

आणि तेही बूस्ट चढल्यावर, जेव्हा पेट्रोलची सर्वात जास्त गरज असते तेव्हा. "कंपनीच्या इंजेक्टरमध्ये जागा असते" हे वाक्य खरं आहे, पण कशासाठी जागा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुना_पाना · ७ मे, रात्री ९:१०

वणीकर भाऊ, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. असे पिस्टन मी उघडलेत. मालकाला दाखवताना आपल्यालाच वाईट वाटतं.

स्पीड_४४ · ७ मे, रात्री ९:४८

मग सरळ दाब वाढवायचा ना? ३ बारचा रेग्युलेटर काढून ४ बारचा लावा, इंजेक्टर तोच, फ्लो जास्त. मी हिंगणघाटला एकाकडे पाहिलंय.

आकडेमोड · ७ मे, रात्री १०:२०

फ्लो वाढतो, पण किती? ४ भागिले ३, त्याचं वर्गमूळ १.१५. दाब तेहतीस टक्के वाढवून पेट्रोल पंधरा टक्के वाढलं. साडेतीन बार केला तर फक्त आठ टक्के. आणि हा वाढीव दाब पंपाला सोसायचा असतो. पंपाचा स्वभाव असा की दाब वाढला की तो तासाला कमी पेट्रोल देतो आणि जास्त करंट ओढतो. दहा वर्षं जुन्या पंपावर हा प्रयोग करू नये. शिवाय कॉम्प्युटरला दाब बदललेला माहीतच नसतो, म्हणून मॅप बदलावाच लागतो. जिथे पाच-दहा टक्केच कमी पडतायत, पंप नवा आहे आणि ट्यून करणारा जाणता आहे, तिथे हा मार्ग चालतो.

आपल्याकडच्या उन्हाचंही लक्षात ठेवा. टाकीतला पंप थंड ठेवायचं काम टाकीतलं पेट्रोलच करतं. मे महिन्यात रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय असेल तर पंप लवकर जातो. चंद्रपूर-अकोल्याकडे सेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्रीत किमान पाव टाकी ठेवा.

वर्धाकाठ · ८ मे, सकाळी ७:०५

ताई, काका, वणीकर दादा, सगळं वाचलं, दोनदा. बेंचवर न्यायच्या आधी घरी काही पाहता येईल का? माझ्याकडे ओबीडीत (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये) लावायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र आहे.

आकडेमोड · ८ मे, सकाळी ९:३०

येईल. ॲपमध्ये इंजेक्टर पल्स (तो एका वेळी किती वेळ उघडा राहतो) मिलिसेकंदांत दिसते का बघा, प्रत्येक गाडीत दिसतेच असं नाही. दिसत असेल तर हा हिशेब: पल्स गुणिले आरपीएम भागिले १२००. उत्तर थेट ड्युटी सायकल, टक्क्यांत. ६००० आरपीएमला १७ मिलिसेकंद आले तर ८५ टक्के.

मोकळा सरळ रस्ता, पहाटेची वेळ, दुसरा गिअर, पाय पूर्ण दाबून लाल रेषेच्या थोडं आधीपर्यंत. पण तुमचा तीन नंबर आधीच उपाशी आहे. म्हणून एकदाच, दोन-तीन सेकंद, खडखड ऐकू आली की लगेच पाय काढायचा. फोनकडे तुम्ही बघायचं नाही, शेजारी कोणीतरी बसवा आणि ॲपमध्ये रेकॉर्डिंग लावा.

दुसरं, लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहा. कॉम्प्युटर स्वतःहून किती टक्के जास्त पेट्रोल देतोय ते त्यात दिसतं.

वर्धाकाठ · ९ मे, सकाळी ७:५०

पाहिलं. धाकटा भाऊ सोबत होता. ५८०० आरपीएमला पल्स १५.०. हिशेब केला: १५ गुणिले ५८०० भागिले १२००, म्हणजे ७२.५ टक्के. लाँग टर्म ट्रिम अधिक ११.

म्हणजे इंजेक्टर अजून ८५ टक्क्यांना पोहोचलेच नाहीत! दुकानदार म्हणाला होता की ते ८३ हॉर्सपॉवरच्या वर जाऊच देत नाहीत. मग अधिक ११ कशाचे?

आकडेमोड · ९ मे, सकाळी १०:१५

मला वाटतं त्यातले सहा-सात टक्के पेट्रोलचेच आहेत. गाडी २०१६ची, आणि आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. साध्या पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. आकारमानात मोजलं तर त्याच हवेला सात-साडेसात टक्के जास्त इंधन.

नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही लिहिलेलं आहे की ई२० डोळ्यांसमोर न ठेवता बनवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा ते सात टक्के घटेल. ॲव्हरेजबद्दल सगळे बोलतात. पण इंजेक्टरच्या क्षमतेतूनही तेवढाच वाटा जातो, हे फारसं कोणी बोलत नाही. माझ्या ५ सीसीच्या आकड्यात दुरुस्ती करा: ई२०वर बिनटर्बोला साडेपाच, टर्बोला ६.६. उरलेले चार टक्के मला तीन नंबरचे वाटतात. बेंच सांगेल.

पऱ्हाटीवाला · ९ मे, सकाळी ११:००

आता माहं इचारतो. बोलेरो डिझेल, वावरात जाते, कापूस भरून ट्रॉली ओढते. गेल्या साली एकानं सांगतलं का मोठे इंजेक्टर टाक, दहा-पंधरा हॉर्सपॉवर वाढन. ताईचा हिशेब डिझेलले लागते काय?

जुना_पाना · ९ मे, दुपारी १२:१०

नाही लागत दादा. पेट्रोलच्या गाडीत इंजेक्टरला १७ मिलिसेकंद मिळतात. डिझेल मात्र सिलिंडरच्या आत, हवा दाबली गेल्यावर, क्रँकच्या काही अंशांतच मारावं लागतं. ४००० आरपीएमला एका फेरीला १५ मिलिसेकंद, त्यातले तीस अंश म्हणजे सव्वा मिलिसेकंद. म्हणून तर रेलमध्ये दीड-दीड हजार बार दाब ठेवतात.

आणि डिझेलमध्ये आधी हवा कमी पडते, इंजेक्टर नंतर. हवा न वाढवता डिझेल वाढवलं की काळा धूर आणि तापलेला सायलेन्सर, बाकी काही नाही. आपल्याकडे खूप चाललेलं १.३ लिटर मल्टिजेट इंजिन बघा. एकच इंजिन ७५ हॉर्सपॉवरमध्येही आलं आणि ९०मध्येही. ९०वाल्याला व्हेरिएबल टर्बो होता. वाढलेली ताकद हवेच्या बाजूने आली.

तुझी गाडी काळा धूर मारते का?

पऱ्हाटीवाला · ९ मे, दुपारी १२:३५

मारते न काका. चढावर लय काया धूर. अन् सकाळी चालू करताना खटखट.

जुना_पाना · ९ मे, दुपारी १२:५०

मग मोठे इंजेक्टर राहू दे, आहेत तेच तपासून घे. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून बाटल्यांत सोडायच्या, आयडलवर दोन मिनिटं. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल आलं तर तो आतून गळतोय. एअर फिल्टर पण काढून बघ, कापसाच्या दिवसांत तंतू बसतात. टर्बोच्या रबरी नळ्यांना चीर आहे का तेही बघ. डिझेल डबकीतून भरतोस का?

पऱ्हाटीवाला · ९ मे, दुपारी १:०५

हो, वावरात ड्रम ठेवला हाय. पंप दूर पडते.

जुना_पाना · ९ मे, दुपारी १:२०

ड्रमच्या तळाचं डिझेल कधी टाकू नको. तळात पाणी आणि गंज असतो. पाइप तळापासून वीतभर वर ठेव, आणि गाडीच्या डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट दर पंधरा दिवसांनी उघड. कॉमन रेलच्या इंजेक्टरमधल्या फटी मायक्रॉनमध्ये असतात, पाण्याचा एक घोटही त्यांना सोसत नाही.

स्पीड_४४ · ९ मे, रात्री ९:३०

आणि नवीन टर्बो पेट्रोल गाड्या? मित्राची १.० लिटर डायरेक्ट इंजेक्शनची आहे, त्याला रीमॅप करायचंय.

वणी_वरोरा · ९ मे, रात्री १०:०२

तिथेही पेट्रोल सिलिंडरच्या आतच मारतात, म्हणून वेळ कमी मिळतो. इनटेक आणि कॉम्प्रेशन स्ट्रोक (हवा ओढणं आणि दाबणं), बस. दाब दोनशे-साडेतीनशे बार, आणि तो पंप कॅमशाफ्टवर चालतो. तिथे इंजेक्टरच्या आधी त्या पंपाची मर्यादा लागू शकते. लॉगमध्ये रेल प्रेशर मागितलेला आणि मिळालेला, दोन्ही पाहायचे. मागितलेल्यापेक्षा मिळालेला खाली यायला लागला की तिथेच थांबायचं. वॉरंटी आणि विम्याचंही आधी विचारून घ्या. इंजिनात केलेला बदल विम्याच्या दाव्यात आडवा येऊ शकतो.

वर्धाकाठ · १४ मे, रात्री ८:४०

काल अमरावतीला जाऊन इंजेक्टर तपासून आणले. मशीनवरचा मुलगा चांगला होता. साफ करण्याआधी मोजून दे म्हटलं तर त्याने कारण विचारलं. हा धागा त्याला वाचून दाखवला.

३ बार दाबावर, मिनिटाला सीसी. आधी: १५८, १६०, १३१, १५७. साफ केल्यावर: १५९, १६०, १५५, १५८. आधी तीन नंबरचा फवाराही एका बाजूला तिरका, धारेसारखा पडत होता. आता चारही सारखे. रेलचा दाब त्यानेच प्रेशरचं घड्याळ लावून पाहिला, तो बरोबर निघाला, म्हणजे पंप ठीक आहे. बिल १,६०० रुपये, प्लग वेगळे.

ताई, मी स्वतः हिशेब केला, बरोबर आहे का सांगा. १५८ गुणिले ४ गुणिले ०.८५ म्हणजे मिनिटाला ५३७ सीसी. साध्या पेट्रोलवर ५.१ने भागलं तर १०५ हॉर्सपॉवर. ई२०वर ५.५ने भागलं तर ९८. म्हणजे कंपनीच्या ८३ला आजच्या पेट्रोलवरही पंधरा हॉर्सपॉवरची जागा आहे. पण टर्बो लावला तर ६.६ने भागून ८१, म्हणजे आहे त्यालाही पुरणार नाहीत!

आकडेमोड · १४ मे, रात्री ९:२५

रीत अगदी बरोबर, फक्त सरासरी १५८ऐवजी सर्वात कमी १५५ धरा, ई२०वर ९६ येतात. वाचून फार आनंद झाला. बिनटर्बोच्या तुमच्या इंजिनाला फिल्टर, सायलेन्सर आणि चांगला मॅप, सगळं केलं तरी पाच-आठ हॉर्सपॉवरच्या वर सहसा मिळत नाही. ते या इंजेक्टरांत आरामात बसतं.

आता तीन नंबरचं बघा. चारही इंजेक्टरना कॉम्प्युटर सारखाच वेळ देतो. पेट्रोलचं प्रमाण बघणारा ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपवर चौघांसाठी मिळून एकच आहे, त्याला चौघांची सरासरी दिसते. सरासरी होती १५१.५. कॉम्प्युटरने ट्रिम वाढवून ती सरासरी सावरली. पण तीन नंबर सरासरीपेक्षा साडेतेरा टक्के खाली होता, आणि ट्रिम कितीही वाढवला तरी तो खालीच राहणार होता. बाकी तिघांना थोडं जास्त मिळत होतं, म्हणून त्यांचे प्लग काळपट. त्यात पूर्ण एक्स्लेटरवर बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर त्या सेन्सरचं ऐकणंच बंद करतो. घाटात तो सिलिंडर उपाशी जळत होता आणि कोणालाही कळत नव्हतं.

एकट्या १३१चा हिशेब करा: ई२०वर सगळे तसेच असते तर ८१ हॉर्सपॉवर. म्हणून क्षमता काढताना सर्वात कमजोर इंजेक्टरचा आकडा घ्यायचा, सरासरीचा कधीच नाही.

वणी_वरोरा · १४ मे, रात्री ९:५०

आणि या अवस्थेत चिप लावली असती तर वेळेआधी स्पार्क आणि कमी पेट्रोल एकत्र आले असते. तीन नंबरचा पिस्टन तुम्हाला माझ्यासारखाच हातात घेऊन बघावा लागला असता. वाचलात दादा.

वर्धाकाठ · १८ मे, सायंकाळी ६:१५

आज पुन्हा चिखलदऱ्याला जाऊन आलो. आई स्वतःहून म्हणाली, चल. त्याच घाटात, त्याच गिअरमध्ये, दुपारच्या उन्हात गाडी नेली. खडखड नाही. पल्स ५८००ला १४.४, म्हणजे साडेएकोणसत्तर टक्के. ट्रिम अधिक ७. ताईंनी सांगितलेले ई२०चेच उरले.

समृद्धीवर चार माणसं घेऊन अजून हवी तशी उचल नाही, हे खरं. १.२ लिटरच्या इंजिनाकडून तेवढीच मिळणार. एसी लावून शंभरला सुरळीत जाते, माझं भागतं. २६ हजार पेरणीला लावतो.

पऱ्हाटीवाला · १८ मे, सायंकाळी ७:०२

लय भारी भाऊ. मीबी बाटल्या लावून पायल्या. दोन नंबरच्या बाटलीत बाकीच्यायच्या तिप्पट डिझेल आलं. उद्या काढून अकोल्याले नेतो. काका, नवीनच घ्यावं लागन का रिपेर होते?

जुना_पाना · १८ मे, रात्री ८:३०

आधी टेस्ट करून घे. व्हॉल्व्ह आणि नोझल बदलून बरेच दुरुस्त होतात. नवा घेतलास तर त्यावरचा कोड स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टाकायला सांगजो, तो न टाकता बसवला तर धूर तसाच राहतो. आणि खालची तांब्याची वॉशर नवी टाक, जुनी परत वापरू नको.

वर्धाकाठ, तुम्ही पण सांगा, इंजेक्टर परत बसवताना रबरी रिंगा नव्या टाकल्या ना?

वर्धाकाठ · १८ मे, रात्री ८:४४

टाकल्या काका, आठही. बसवताना त्यांना इंजिन ऑइलचा हात लावला, चालू करून रेलभोवती बॅटरी मारून पाहिलं. कुठे ओल नाही, पेट्रोलचा वास नाही.

जुना_पाना · १८ मे, रात्री ८:५०

मग ठीक. पहिल्या पावसानंतर एकदा बॉनेट उघडून परत वास घ्या.